बुलेट ट्रेनचा धूर

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासोबत ती निळी चादर वर येते आणि मला आमच्या सोलापूरच्या गल्लीतली मागांची खटखट ऐकू येते. सत्तरच्या दशकात यांना रेल्वे खात्याने शिकायला जपानला धाडलं, तेव्हा मला सातवा महिना होता. यांनी पाठवलेलं बुलेट ट्रेनचं चित्र मी शेजारच्या विणकरमामांना दाखवलं. ही गाडी विजेवर पळते, टोकियोहून ओसाकाला तीन-सव्वातीन तासांत जाते, हेही सांगितलं. मामांनी चित्र नुसतं निरखून बघितलं. बारशाला मात्र मागावर नक्षी उतरवणारे भोकांचे पुठ्ठे नव्याने टोचून विणलेली चादर घेऊन आले. तीच टोकदार गाडी, पण तिच्यावर पांढऱ्या सुताचा धूर! "मामा, हिला धूर नसतो हो," मी हसले. "ठाव हाय की. पन धूर दिसल्याबिगर बाप यायलाय, हे लेकराला कळायचं कसं, अक्का?" मी चादर तोंडाशी धरली आणि कितीतरी दिवसांनी मोकळी रडले. आता मामा नाहीत, हेही नाहीत. चादरीचा निळा रंग विटलाय, धूर तेवढा पांढरा आहे. थंडीत ती अंगावर ओढते आणि मामांनी माझं यांची वाट बघणं, तेव्हाचं आणि आताचंही, केवढं सोपं करून ठेवलंय, ते कळतं.