तिसऱ्या तारेखालचं कुंकू

सुदामभाऊंनी गिटार माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "सलीमभाई, हाई तुमना जोडेच ऱ्हाऊ द्या. मना कानच गयात." म्हणजे गिटार माझ्याकडेच राहू द्यायची, त्यांचे कानच गेले होते.

दुपारचे तीन वाजले असतील. उन्हाळा नुकताच लागला होता. त्या वेळी धुळ्याचा बाजार अर्धा पेंगतो आणि माझं दुकान पूर्ण. भिंतीवर दहा-बारा वाद्यं टांगलेली असतात. दुकानात कुणी जरा मोठ्यानं बोललं की त्यांच्या मोकळ्या तारा आपोआप बारीक गुणगुणतात. सुदामभाऊ बोलून गप्प झाले, तरी भिंतीवर त्यांचं बोलणं थोडा वेळ चालूच होतं. मला अशा वेळी हातातलं काम सोडून ऐकत बसायची वाईट खोड आहे. बायको म्हणते, तू दुकान चालवत नाहीस, दुकान तुला झुलवतं.

माझे वडील पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे हार्मोनियम. माझ्या काळात लग्नाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार आली आणि मी तिच्याकडे वळलो. सुदामभाऊ सोनगीरचे. अठरा वर्षं एकाच बँडमध्ये गिटार वाजवतात, अहिराणी गाणी. नवरदेवाच्या पुढे नाचणाऱ्यांना कोणत्या वळणावर थांबवायचं आणि कुठे सोडायचं, हे त्यांच्या बोटांना बरोबर कळतं. त्या दिवशी त्यांच्यासोबत त्यांची बायको मंगलाअक्का आल्या होत्या. त्या पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या आणि सारखं माझ्याकडे बघत राहिल्या. त्या तशा का बघतात, ते मला लवकरच कळलं.

दोन महिन्यांपूर्वी सुदामभाऊ दोन तक्रारी घेऊन आले होते. गिटार सूर धरत नाही, आणि सगळ्यात जाड, सहावी तार झिणझिणते. मी खुंट्या बदलून दिल्या. तार ज्या चाव्यांना गुंडाळतात आणि पिळून सुरात आणतात, त्या खुंट्या. आठ दिवसांत ते परत आले. तक्रार तीच. मी ट्यूनर लावला. ट्यूनर म्हणजे सूर मोजायचं छोटं यंत्र, सूर बरोबर असला की काटा मधल्या रेषेवर येतो आणि हिरवा दिवा लागतो. सहाही तारांना हिरवा लागला. मी हसत म्हणालो, "भाऊ, मशीन बरोबर सांगतंय. आता एकदा कान दाखवून या."

मी गंमत केली होती. पण कारागिराच्या तोंडची गंमत गिऱ्हाईक घरी नेतं तेव्हा तिचं काय होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मंगलाअक्कांनी सांगितलं ते असं. त्या दिवसापासून हा माणूस घरात वाजवेनासा झाला. बँडचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनीही एका लग्नात टोकलं की गिटार बेसूर लागते. मग सुदामभाऊंनी स्वतःच नानांना सांगून टाकलं, शनिवारचं शिरपूरचं लग्न शेवटचं, पुढे दुसरा माणूस बघा. नानांनी कीबोर्डवाला बघितलासुद्धा.

ऐकताना माझे कान गरम झाले. सरळ सांगायचं तर लाज वाटली. मी म्हणालो, ठेवायची तर ठेवून घेतो, पण आधी एकदा वाजवून बघू द्या. सुदामभाऊ दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. रस्त्यावर ऊन पसरलं होतं. एक केळीचा ट्रक सावकाश निघून गेला आणि त्याच्या आवाजानं भिंतीवरची सगळी वाद्यं क्षणभर घुमली.

मी गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडली आणि सहाही तारा सुरात लावल्या. मागच्या वेळी इथेच थांबलो होतो. या वेळी तिसरी तार मानेवर दाबून बोटानं आडवी ओढली आणि सोडली. गाण्यात सुदामभाऊ ती अशी शंभर वेळा ओढतात. मग मोकळी तार छेडली.

दारातून आवाज आला, "तिसरी उतरनी."

मी ट्यूनरकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पाहिलं. काटा मधल्या रेषेच्या केसभर खाली होता. मी तार पुन्हा सुरात आणली, पुन्हा ओढून सोडली, छेडली. "परत उतरनी," सुदामभाऊ म्हणाले. तिसऱ्यांदा मी लबाडी केली. तार सुरात आणली, पण ओढलीच नाही. नुसती छेडली. ते काही बोलले नाहीत. नुसते रस्त्याकडे बघत राहिले.

माणसाचे कान शाबूत होते. खोटं गिटार बोलत होती, आणि दोन महिन्यांपूर्वी मीही.

आता तार कुठे अडते ते शोधायचं होतं. गिटारीची मान जिथे संपते, तिथे खुंट्यांच्या अलीकडे एक छोटी पट्टी असते, हाडाची नाहीतर प्लॅस्टिकची. तिला नट म्हणतात. तिच्यात सहा खाचा, खाचांतून सहा तारा. तार ओढली की ती खाचेतून थोडी सरकते, सोडली की परत मागे जायला हवी. खाचेत अडकली तर मागे जात नाही, सैल राहते आणि सूर उतरतो. मी नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला तिसरी तार बोटानं दाबली. टिक असा बारीक आवाज झाला आणि काटा वर आला. मग सहावी तार. मोकळी छेडली की झिणझिण. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर दाबून छेडली की आवाज स्वच्छ. तिथे दाबलं की नटचं काम उरत नाही. म्हणजे दोन्ही दुखणी नटमध्येच होती. जाड तारेवर वेटोळं असतं, ते कानशीसारखं घासून खाच खोल करतं.

पण तिसरी का अडकत होती? मी भिंग घेतलं. खाचेत लालकाळा, घट्ट थर होता. आणि मला आठवलं, हा थर मी मागच्या वेळीही पाहिला होता. तेव्हा सगळी गिटार पुसली आणि तेवढी बोटभर जागा मुद्दाम सोडली. कुंकू होतं ते. पूजेची गोष्ट, आपण मुसलमान माणूस, कशाला हात लावा, असं मनात आलं होतं. हेच जर ग्रीस असतं तर मी खरवडून काढलं असतं आणि दुखणं त्याच दिवशी सापडलं असतं.

मी हळूच विचारलं, हे कोण लावतं?

"मी लावस," मंगलाअक्का म्हणाल्या. प्रत्येक लग्नाला निघताना तेलाचा थेंब, मग हळद, मग कुंकू. जिथे सगळ्या तारा एकत्र येतात ते गिटारीचं कपाळ, असं त्यांनी धरलं होतं. अठरा वर्षं एकही लग्न चुकवलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातलं भिंग बघितलं, गिटार बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे बठ्ठं मनामुये व्हयनं का?"

"नाही अक्का, तुमच्यामुळे नाही. मला दिसलं होतं आणि मी विचारलं नाही. वर यांच्या कानांना नाव ठेवलं. चूक माझी आहे."

सुदामभाऊ दारातून वळले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. खूप दिवसांनी झोपेतून उठलेला माणूस बघतो तसं.

तारा सैल करून मी स्पिरिट आणि ब्रश काढला. थर मी काढू का, असं विचारलं. मंगलाअक्कांनी ब्रश माझ्या हातून घेतला. मी सांगत गेलो, त्या काढत गेल्या, सावकाश, बाळाचे कान पुसावेत तशा. निघालेलं कुंकू त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून पिशवीत ठेवलं. सहाव्या खाचेत मी हाडाची पूड आणि चिकट द्रव भरून खाच पुन्हा बेतानं कोरली. सगळ्या खाचांतून पेन्सिलीचं शिसं फिरवलं, म्हणजे तारा सहज सरकतात. तेल मात्र कधीच नाही, त्याला धूळ चिकटते. आता कुंकू कुठे लावायचं, हे अक्कांनी विचारलं. मी गिटारीची पाठ दाखवली.

मग सुदामभाऊंनी गिटार गळ्यात घेतली. तिसरी तार ओढली, सोडली, थांबले. पुन्हा ओढली. तार जिथून निघाली तिथेच परत येत होती. ते डोळे मिटून वाजवत राहिले, कितीतरी वेळ. समोरचा कापडवाला मारवाडी पायरीवर येऊन बसला. भिंतीवरची वाद्यं सोबत गुणगुणत होती. मी घड्याळ बघितलं नाही.

शनिवारी ते शिरपूरला गेले. नानांनी कीबोर्डवाला ठेवला आणि सुदामभाऊंनाही सोडलं नाही. हे सांगायला ते दोघं मुद्दाम आले, चहा घेतला. निघताना सुदामभाऊ सहज म्हणाले की त्या दोन महिन्यांत त्यांनी घरचा रेडिओसुद्धा लावला नव्हता.

त्यानंतर मी एक नेम केला. वाद्यावर हळद असो, अंगारा असो, ताईत बांधलेला असो, आधी विचारायचं की कोणी लावलं आणि खाली काय आहे ते बघू का. आजपर्यंत एकाही माणसानं नकार दिलेला नाही.