सुनेचं मशीन, सासऱ्याचा पाइप

टेपमामांना सलग दहा मिनिटं खुर्चीत बसवून दाखवा आणि काय हवं ते मागा, असं त्यांची बायको म्हणायची. चहा ते उभ्याने प्यायचे, वर्तमानपत्र फेऱ्या मारत वाचायचे आणि कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की पाचव्या मिनिटाला त्यांच्या बाथरूममधला नळ बघायला उठायचे. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, पण पायांची भिंगरी काही थांबत नव्हती. दुसरा प्लंबर पाइपाच्या सांध्याला टेपचे पाच वेढे घालेल तिथे हे पंधरा घालत, म्हणून गल्लीने नाव ठेवलं टेपमामा. खरं नाव विचाराल तर गल्लीत कुणालाच आठवणार नाही.

काम संपलं की ते सांध्याखाली कोरडा कागद पसरत आणि त्याच्यावर नजर ठेवून पाऊण तास पहारा देत. कागदावर एक ठिपका उमटला तर सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून. नाही उमटला तर तो कागद घरमालकिणीच्या हातात ठेवायचा आणि निघायचं. "पाणी आत, माणसं बाहेर. एवढंच आपलं शास्त्र," असं ते सांगत. लोकांना ते भारी वाटे, आणि खरं सांगायचं तर मामांनाही वाटे.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरात गेले तीन आठवडे गटाराचा वास मारत होता.

त्यांची सून नर्स होती. सहावा महिना चालू होता तिला. वाकून धुणं जमेना, म्हणून तिने वॉशिंग मशीन आणलं. जोडणी अर्थातच सासऱ्यांची. त्यांनी बाथरूमच्या कोपऱ्यात उभा पाइप घेतला, मशीनची नळी त्यात खुपसली आणि दोन्हीमधली फट रबर, टेप आणि वरून गोंद लावून अशी बंद केली की मुंगीची शिरायची टाप नव्हती. कागद कोरडाच राहिला आणि मामा खूश झाले.

पहिल्याच धुण्याला मशीनने पाणी सोडलं आणि बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज आला. संध्याकाळपर्यंत वास सुटला. सुनेच्या पोटात तसंही काही ठरत नव्हतं, ती नाकाला रुमाल लावून अंगणात पळाली.

"साबण जास्त होतोय," मामांनी निकाल दिला. "फेस अडकतो पाइपात."

तिने साबण निम्मा केला. वास होता तिथेच. तिने अजून कमी केला. मामा म्हणाले, अजूनही जास्तच आहे. शेवटी एकदा जेवताना ती घाबरत म्हणाली, "बाबा, आमच्याकडे सलाइनच्या काचेच्या बाटलीला वेगळी सुई टोचतात. हवा आत गेली नाही तर थेंब नीट पडत नाही. इथेही तसंच काही नसेल ना?"

"अगं, ही मोरी आहे की वॉर्ड?" मामा हसले. मुलगाही हसला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा हाताने कपडे धुऊ लागली आणि वास गेला. "बघा, मी काय म्हणत होतो!" मामांनी घरभर सांगितलं. आठवड्याने तिची कंबर धरली, मशीन पुन्हा लागलं आणि वासही परत आला.

शुक्रवारी बायकोने बातमी दिली. "पोरांनी भाड्याचं घर बघितलंय. रविवारी चार वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

मामा फेरी मारता मारता थांबले. "या वासापायी?"

"मला कशाला विचारता? तिला विचारा."

विचारायची हिंमत झाली नाही. दोन दिवस ते घरात नुसते येरझाऱ्या घालत राहिले. नातवंड या घरात रांगणार असं त्यांनी मनात कधीच पक्कं करून टाकलं होतं. आता ते दुसऱ्याच कुठल्या फरशीवर रांगणार होतं.

रविवारी सून सकाळच्या पाळीला गेली, तीन वाजता यायची होती. मुलगाही बाहेर होता. मामा गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. शेवटी त्यांनी मशीन लावलं, साबणाचा एक कण न घालता. नुसतं पाणी. बाथरूमची जाळी काढली आणि बॅटरी घेऊन ओणवे झाले. जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी तुंबून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. ते पाणी होतं जागच्या जागी.

मशीनने टब रिकामा करायला सुरुवात केली. पाइपातून पाणी धो धो गेलं, आणि जाळीखालचं पाणी कुणीतरी आतून शोषून घ्यावं तसं गुडगुडत खाली ओढलं गेलं. नळी कोरडी ठणठणीत. वर आला तो भपकारा.

साबणाचा काही संबंधच नव्हता. पाण्याला मागून हवा हवी होती. मामांनी एकही फट ठेवली नव्हती, म्हणून ती हवा जाळीतून ओढली जात होती, अडवणाऱ्या पाण्यासकट. संडासाच्या पाइपाला हवेची नळी लागते हे त्यांना ठाऊक होतं. पण कपड्यांचं पाणी, त्याला कशाला असले लाड? बालदीने थोडं थोडं ओतलेलं पाणी आणि मशीनने एका दमात फेकलेलं पाणी यात फरक आहे, हे या चाळीस वर्षांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. मामा स्वतःवर इतके चिडले की त्यांनी पाना भिंतीवर आपटला. आणि मग आठवलं, आणखी किती घरांत त्यांनी मशीनच्या नळ्या अशाच बंद केल्या होत्या, आणि किती बायकांना सांगितलं होतं, साबण कमी घाला.

सुरीने त्यांनी पंधराही वेढे कापून काढले आणि नळी पाइपात सैल सोडली; त्या पाइपाच्या तळाशीही पाणी अडवणारा वाक होताच. मग बाहेरच्या भिंतीवरचा पाइप कापला, तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला आणि त्यातून एक नळी सरळ गच्चीच्या कठड्याच्या वर नेली, तोंड उघडं ठेवून. घाम निथळत होता, गुडघे बोंबलत होते. पुन्हा जाळीखाली पाणी ओतून मशीन लावलं. पाणी धो धो गेलं. जाळीखालचं पाणी जरासं हललं आणि तिथेच राहिलं.

सून आली तेव्हा तिचा या आठवड्याचा कपड्यांचा ढीग मशीनमध्ये फिरत होता. ती बाथरूमच्या दारात थांबली, सवयीने रुमाल काढला, हुंगलं आणि रुमाल परत ठेवला.

"काय केलंत?"

"हवा दिली." मामा या पायावरून त्या पायावर होत होते. "साबण बरोबर होता तुझा. पहिल्या दिवसापासून. तू सांगितलंस तेही बरोबर होतं. चुकलो मी. आणि वर हसलो."

ती दारातल्या स्टुलावर टेकली. "बाबा, वासासाठी नव्हतो आम्ही चाललो. वास मला कामावर रोजचेच आहेत." तिचे डोळे भरून आले. "दमून घरात पाऊल टाकलं की तुमचा पहिला प्रश्न, साबण किती घातलास. तीन आठवडे मी चमच्याने साबण मोजतेय, चोरी केल्यासारखी."

मामांनी मान वर केली. घड्याळात पावणेचार झाले होते. "मग आता त्या घरमालकाला काय कळवणार?"

"सकाळीच कळवलं. हो म्हणून."

मशीन तेवढ्यात थांबलं. ती उठायला लागली तर मामांनीच बालदी पुढे केली, ओले कपडे तिच्यात भरले आणि गच्चीवर घेऊन गेले. ती हळूहळू जिने चढत मागून आली. आयुष्यात पहिल्यांदा मामांनी दोरीवर कपडा टाकला, मुलाचा निळा शर्ट.

"असा नाही, बाबा. उलटा करून घाला. उन्हाने रंग उडतो."

मामांनी शर्ट काढला, उलटा केला आणि पुन्हा दोरीवर टाकला.