कॉमिकचा शेवटचा भाग आणि आमची वंशावळ

नगर स्टेशनवर आम्हाला पोचवायला कोणीच आलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते. माझे जन्मदाते वडील मी तीन वर्षांची असतानाच गेले, आणि आता आईने दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्या सॅम्युअल नावाच्या मराठी माणसाशी लग्न केलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी काका तिला म्हणाले, "तुला जायचं तर जा. पोरगी आमच्या रक्ताची आहे, ती इथेच राहील." आईने सकाळी मला उठवलं, वेणी घातली आणि रिक्षात बसवलं.

काकू आणि माझा चुलत भाऊ सुहास, हे तुमच्यासाठी लिहितेय. आणि माझ्यासारखं कोणाचं तरी बोट धरून गाव सोडलेल्यांसाठीही.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सॅम्युअल यांचा मुलगा डॅनियल होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग एका दुपारी त्याने मार्केटमधून एक कॉमिक भाड्याने आणलं. उडणारा हिरो, हिरवा मुखवटा. मला हिंदी धड कळत नव्हती, म्हणून तो वाचून दाखवायचा आणि मध्येच मराठीत समजवायचा. "अगं, हा कोळी त्याचा बाप नाहीये. त्याला तो नदीत सापडलाय. असली बाप दुसराच आहे." पुढच्या भागात कळलं, खलनायिका त्याची मावशी. त्याच्या पुढच्या भागात, मावशी नव्हेच, आई. आम्ही जमिनीवर कागद पसरून त्याच्या नातेवाइकांचे बाण काढत बसायचो. शेवटचा भाग मात्र दुकानात आलाच नाही.

"असली बाप मिळाला की हा जाणार," डॅनियल म्हणाला. मला रडू आलं. का, ते मी सांगितलं नाही. सॅम्युअल बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे की. जेवायला येईल परत."

त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणायला लागले, आणि डॅनियलला दादा.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आई माझ्याकडे गाझियाबादला असते. गेल्या महिन्यात दादा नोएडाहून आला तो पिशवीत शेवटचा भाग घेऊनच. जुन्या पुस्तकांच्या बाजारात सापडला म्हणाला. चाळिशी ओलांडलेले आम्ही दोघं सोफ्यावर खेटून वाचत बसलो. हिरोला राजा बाप सापडतो, सिंहासन मिळतं, प्रजा टाळ्या वाजवते. तो कोळी आणि त्याची बायको पुढे एकाही चौकटीत नाहीत. दादाने पानं दोनदा उलटून पाहिली. "यार, त्यांना विसरलेच," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात, सुहास, तुझा फोन आला. आपल्या घराण्याची वंशावळ छापतोयस, माझं नाव माझ्या जन्मदात्या वडिलांच्या खाली घालतोयस, म्हणालास. "सॅम्युअल, डॅनियल वगैरे त्यात कसं बसणार? समजून घे."

मी म्हटलं, "वडील म्हणून दोघांचीही नावं घाल. भाऊ म्हणून दादाचं. नाहीतर मला काढ."

"अगं, पण रक्त..."

"रक्ताने मला शाळेत नाही सोडलं, सुहास. बाबांनी सोडलं, सायकलवर, इथल्या थंडीत, स्वतःचा मफलर मला गुंडाळून."

आई शेजारी मटार सोलत होती. तिने हात पुढे करून फोन मागितला. "सुहास, माझंही नाव काढ," एवढंच बोलली आणि पुन्हा मटार सोलू लागली.

परवा पुस्तक आलं. त्यात आम्ही नाही. माझ्या जन्मदात्या वडिलांच्या नावाखाली कोरी जागा आहे, जणू त्यांचं लग्नच झालं नव्हतं. त्यांच्यासाठी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांचा फोटो माझ्या घरात बाबांच्या फोटोशेजारी आहे आणि तिथेच राहील. माझी मुलगी पुस्तक चाळत म्हणाली, "वंशावळ मतलब फॅमिली ट्री ना? इसमें तो हम हैं ही नहीं."

"नाही आहोत," मी म्हटलं. "मी सांगितल्यामुळे नाही आहोत."

नगरवर माझा राग नाही. पण घर कुठे, असं विचाराल तर मी गाझियाबादचा पत्ता देईन. दिल्लीला आलात तर गेस्ट हाऊस शोधत बसू नका, आमच्याकडेच उतरा. गाद्या भरपूर आहेत. दारावर पाटी आहे, तिच्यावर बाबांचं पूर्ण नाव आहे. ते वाचा, आणि मग बेल वाजवा.