गाऱ्हाण्यातला माझा आवाज

माझ्या बायकोने सहा वर्षं औषधं खाल्ली. नळ्या तपासून घेतल्या, दुर्बिणीतून पोट बघून घेतलं, मंगळवारचे उपास केले. मी रत्नागिरीतल्या ऑफिसात टेबलामागे बसून फोनवर एवढंच विचारायचो, "काय म्हणाल्या डॉक्टर?" मला तपासावं असं घरात कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. मिशी होती, आवाज भरदार होता, सुट्टीच्या दिवशी पावस गावातल्या घरच्या बागेत कलमावर चढून आंबा उतरवत होतो. आणखी काय तपासायचं? असा मी शहाणा.

सातव्या वर्षी डॉक्टर बदलल्या. नव्या बाईंनी आधी माझाच नमुना मागितला. रिपोर्टात शुक्राणूंच्या रकान्यात शून्य होतं. कमी नव्हे, शून्य. पुन्हा नमुना दिला, पुन्हा शून्य. "लहानपणी गालगुंड झालं होतं?" त्यांनी विचारलं. झालं होतं, नववीत असताना. गालाची सूज उतरली आणि खाली आली, दोन्हीकडे. लाजेपायी घरी बोललो नाही. आठ दिवस फेंगडा चालत शाळेत गेलो, पोरं हसली, मीही हसलो. नुकसान तेव्हाच होऊन गेलं होतं.

बाईंनी नीट समजावलं. शीर फुगलेली असली तर ऑपरेशन करता येतं, वाट बंद असली तर उघडता येते, संख्या कमी असली तर तंबाखू सोडून, गोळ्या घेऊन कधी कधी जमतं. "तुमच्या विहिरीला झराच उरलेला नाही," त्या म्हणाल्या. तरी हट्टाने कोल्हापूरला गेलो. तिथे सुईने वृषणाचा तुकडा काढून बघितला, त्यातही काही सापडलं नाही. आता उरलं दात्याचं बीज, नाहीतर दत्तक.

परतताना एसटीत बायकोने रिपोर्टांची फाईल पिशवीत घातली. मग म्हणाली, "मूल नसलं तरी चालेल मला. फक्त शिमग्याच्या आधी आईंना खरं काय ते सांगा. मला आता त्यांचं बोलणं ऐकवत नाही हो." मी शब्द दिला.

आणि रोज टाळला. आई स्वयंपाकघरात एकटी दिसली की मी आत जायचो, तांब्याभर पाणी प्यायचो आणि बाहेर यायचो. तिला वाईट वाटेल म्हणून, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती.

शिमग्यात देवीची पालखी आमच्या अंगणात आली. मुंबईहून आलेले भाऊबंद, वाडीतली माणसं, सगळे जमले. बायकोने ओटी भरली आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली. मानकऱ्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. एक जण देवीपुढे घराचं मागणं बोलतो आणि बाकीचे दर वाक्याला होकार भरतात, अशी आमच्याकडची रीत.

"बाय माजे, ह्या घरची सून सात वर्सां रिकाम्या वटीनं हुबी हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हातून काय चूक झाली आसंल, तिच्या माहेरची काय बाधा आसंल, ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि तिची कूस उजव!"

"व्हय म्हाराजा!"

तिन्ही वेळा मीही ओरडलो. कुणी माझा गळा धरला नव्हता. एवढ्या माणसांत मी एकटाच गप्प राहिलो तर कुणी वळून बघेल, याची भीती वाटली.

संध्याकाळी अंगण झाडताना ती म्हणाली, "एवढ्या आवाजांत तुमचा ओळखू आला मला."

"सवयीने निघाला गं तोंडातून."

"हो. सवयीनेच," ती म्हणाली आणि झाडत राहिली.

मला रात्रभर स्वतःची किळस आली. सकाळी आईला समोर बसवून सगळं सांगितलं, गालगुंडापासून कोल्हापूरपर्यंत. ती रडली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसून, आवाज बारीक करून म्हणाली, "ह्या भायेर बोलू नको हां. लोक तुला काय म्हनतील? तिचा नाव झालाच हाय, ऱ्हाऊंदे. बाईमानूस सोसता."

बायको मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काय बोलतो याची ती वाट बघत होती.

मी आईला म्हणालो, "बरं."