कल्पीच्या वहीतला माझा शेरा

भिवापूरच्या बसस्टँडवर त्या सकाळी मला सोडायला दोघी आल्या होत्या. आई आणि कल्पी. खरं तर कल्पीनं सोडायला यायचंच नव्हतं, तिनं माझ्या शेजारच्या सीटवर बसायचं होतं. बी.ए. आम्ही एकाच बाकावर बसून केलं. नागपूरच्या विद्यापीठात बी.एड.चे फॉर्मही एकाच पेनानं भरले. यादीत दोघींची नावं लागली, आणि त्याच आठवड्यात कल्पीच्या आईला लकवा मारला. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. कल्पीनं प्रवेश सोडला. माझी ट्रंक सीटखाली सरकवून ती खाली उतरली आणि आईजवळ जाऊन उभी राहिली.

माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर, देठ खुडायला जायची. तिथं दिवसभर मिरचीच्या ढिगापुढं बसून तिची बोटं इतकी तिखट झालेली असत, की डोळे पुसायचे तर ती मनगटानं पुसायची. त्या दिवशीही तिनं तसेच पुसले आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "तिथं मले-तुले म्हणू नको वं. हासतीन लोकं."

बस निघाली. मी मागं वळून पाहिलं, तर कल्पीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला हायसं वाटलं. चला, आईजवळ कोणीतरी आहे. त्या हायसं वाटण्याचं पुढं काय झालं, ते मला सांगायचंय. जे गावी राहिले त्यांना, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांनाही.

आईचं भाकीत आठवड्याभरातच खरं ठरलं. पहिल्याच सराव पाठात मी फळ्याकडं बोट दाखवून "मले सांगा बरं" म्हणाले आणि नववीचा अख्खा वर्ग हसत सुटला. मागच्या बाकावर पाठ तपासायला बसलेल्या प्राध्यापिकाही गालात हसल्या. होस्टेलवर येऊन मी आरशापुढं उभी राहिले. मला. तुला. त्याला. कशाला. महिनाभर रोज. वर्ष संपेपर्यंत लोक विचारायला लागले, तुम्ही पुण्याकडच्या का? मी नाही म्हणायची, पण मनातून सुखावायची.

पुढं एम.एड. झालं, नेट झाली, पीएच.डी. झाली. ज्या शिक्षणशास्त्र विभागात शिकले तिथंच आधी तासिका तत्त्वावर आणि मग कायम झाले. लग्न झालं. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात. वर्धा रोडला फ्लॅट घेतला. शिक्षक घडवणारी मी मॅडम झाले.

आणि तिकडं भिवापूरला, माझ्या घरात, कल्पी मुलगी झाली.

हे एका दिवसात झालं नाही. आईला मोबाईल घेऊन दिला तो कल्पीनं शिकवला. गॅसचा नंबर कल्पी लावायची, दवाखान्यात कल्पी न्यायची. मी फोन केला की आई म्हणायची, "कल्पी हाय ना वं. तू कायले काळजी करतं?" मला बरं वाटावं म्हणूनच म्हणायची बिचारी. पण दर वेळी आत काहीतरी बारीक कुरतडलं जायचं. बाबा गेले तेव्हा मी विभागातल्या एका कार्यशाळेत होते, फोन बंद करून. पोचले तोवर सगळं संपलं होतं. शेवटचं पाणी त्यांना कल्पीनं पाजलं. अंगणात जमलेला प्रत्येक माणूस मला हेच सांगत होता, कल्पी होती म्हणून बरं झालं. मी मान हलवत होते, आणि बापाच्या मरणाच्या दु:खातसुद्धा मला तिचा मत्सर वाटत होता. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

कल्पीनं लग्न केलं नाही. तिची आई गेल्यावर ती गावातल्या एका छोट्या खासगी शाळेत शिकवायला लागली. पदवीवरच भागत होतं. मग चाळिशी उलटल्यावर शाळेनं सांगितलं, बी.एड. करा, नाहीतर जागा सोडा. कल्पीनं सीईटी दिली आणि आमच्याच विभागात तिचा नंबर लागला.

आईचा लगेच फोन. "कल्पी तुह्या घरी राहीन ना वं दोन वर्षं?"

त्या वर्षी माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली होती. तिची खोली रिकामी होती.

"घर लहान पडतं गं आई," मी म्हणाले.

मग आई म्हणाली, "बरं."

कल्पी रोज एस.टी.नं येऊ-जाऊ लागली. पहाटे निघायची, उमरेडवरून हलत-डुलत यायची आणि तरी पहिल्या तासाला पहिल्या बाकावर असायची. माझ्यासाठी पिशवीत आईनं दिलेलं काही ना काही असायचं, सांडगे, लोणचं, एकदा फडक्यात बांधलेल्या पाटवड्या. विभागात ती मला मॅडम म्हणायची. कॉरिडॉरमध्ये कोणी नसलं तर हळूच, "ज्योते, मावशीचा गुडघा लय दुखून राहिला वं. फोन कर."

माझ्या आईचा गुडघा दुखतो हे मला तिनं सांगायचं! मी म्हणायची, "हो, माहितीय मला." माहीत नसायचं.

मला वाटलं होतं, बाविशीतल्या पोरापोरींत ती बावरेल. झालं उलटंच. महिन्याभरात सगळा वर्ग तिच्याभोवती. पाठ टाचण कसं काढायचं ते माझ्याकडून शिकून मुलं तिच्याकडं जात, कारण वर्ग गप्प कसा करायचा, आणि त्याहून अवघड म्हणजे बोलता कसा करायचा, ते तिला माहीत होतं. एक दिवस आमच्या विभागप्रमुख चहा घेताना म्हणाल्या, "त्या कल्पनाताई जन्मजात शिक्षिका आहेत हो." मी कप खाली ठेवला. गाव मी तिच्या हाती सोडून आले होते, आई तिला दिली होती. आता हेही?

वार्षिक पाठाच्या दिवशी तिची परीक्षक मी होते. दुसरे परीक्षक काटोलकडच्या एका कॉलेजातून आलेले वयस्क सर. एवढी जवळची ओळख असताना मी नाव मागं घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

नागपुरातल्या एका शाळेत सातवीचा वर्ग. भूगोलाचा पाठ, घटक बाष्पीभवन. कल्पीनं पिशवीतून एक ओली लाल मिरची काढली आणि एक वाळलेली. दोन्ही एका पोरीच्या दोन तळहातांवर ठेवल्या.

"कोनती जड हाय?"

"ही."

"काहून? मिरची तं दोन्ही बी मिरचीच. मंग यातलं पानी गेलं कुठं? पळून गेलं का?"

पोट्टे हसले. आणि मग वर्ग उसळला. कोणी म्हणे उन्हानं खाल्लं, कोणी म्हणे हवेत गेलं. मागच्या कोपऱ्यात एक पोरगी होती. वर्गशिक्षिकेनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की तिला विचारू नका, ती बोलत नाही. ती उभी राहिली. "म्याडम, माही आजी पापड वाळू घालते. त्याचं बी पानी तसंच जाते का?"

कल्पी तिच्याजवळ गेली. "तसंच जाते. तू तं सगळ्या वर्गाले शिकवलं वं."

त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो. असा पाठ मी एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता. असा पाठ मी घेतला तर नव्हताच कधी. मी तिथं बसून होते, निरीक्षण वही मांडीवर. ज्या बोलीवरून माझा वर्ग हसला होता, जी मी आरशापुढं उभी राहून खरवडून काढली होती, त्याच बोलीत ही बाई बिनधास्त शिकवत होती आणि मुलं तिच्यामागं चालली होती.

मी लाल पेन उघडलं. लिहिलं, "बोलीभाषेचा अतिरेक. शिक्षकाला न शोभणारी भाषा. प्रमाण भाषेचा सराव आवश्यक."

काटोलचे सर पन्नासपैकी पंचेचाळीस म्हणत होते. मी भाषेचा मुद्दा लावून धरला आणि छत्तीसवर आणलं. "विभाग तुमचा आहे मॅडम," सर म्हणाले आणि सही केली.

कल्पीनं वही उघडून शेरा वाचला. दोनदा वाचला असावा. मग अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाली, "बरोबर आहे, मॅडम. मी लक्ष ठेवीन."

ती पास झाली, तिची नोकरी टिकली. नुकसान काय झालं, असं मी स्वतःला विचारायची.

नुकसान मी पुढच्या हिवाळ्यात पाहिलं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून पंधरा दिवसांची रजा घेऊन गावी गेले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आई डोळ्याला हिरवी पट्टी लावून खाटेवर बसली होती. म्हणाली, "कल्पीले काय झालं वं? मले म्हणते, 'मावशी, आपण जेवलात का?' मी म्हटलं कोन पाहुनी आली घरात! शाळंतले पोट्टे त इचारतेत, बाई बिमार हायेत का म्हणून."

मी दुपारी शाळेकडं गेले. व्हरांड्यातूनच आवाज आला. कल्पी शिकवत होती. "विद्यार्थ्यांनो, आता आपण..." आणि थांबली. शब्द शोधला. "आता आपण निरीक्षण करूया." परत थांबली. प्रत्येक वाक्याआधी ती मनातल्या मनात माझा शेरा वाचत होती. मुलं हाताची घडी घालून बसली होती. कोणी काही विचारत नव्हतं. इतका शांत वर्ग मी नागपुरातसुद्धा पाहिला नव्हता.

मी तशीच परत आले आणि आईला सगळं सांगितलं. रिकाम्या खोलीपासून लाल पेनापर्यंत. आईनं ऐकून घेतलं. उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहत म्हणाली, "मीच तुले सांगतलं होतं ना, मले-तुले म्हणू नको म्हणून. माहीच अक्कल तुनं तिच्या डोक्यावर मारली." मग पट्टी सारखी करत, "पण खोली रिकामी होती, ते काई मी सांगतलं नोतं."

संध्याकाळी कल्पीच्या अंगणात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "तुझा पाठ चांगला होता. फार चांगला होता. मी जळले म्हणून तसं लिहिलं."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. रागात जुनी बोलीच तिच्या तोंडून निघाली. "मले मालूम होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोनाले बोलू? परीक्षक बी तूच, मॅडम बी तूच. माही नोकरी होती त्यात." आता तिनं वर पाहिलं. "तू पाठ पाहून नोती राहिली ज्योते, तू मले पाहून राहिली होती. मले समजत होतं. तरी मी तसंच बोलाले शिकली. काहून मालूम? कारण मले वाटलं, जळूनच का होईना, लिहिलं तं तुनं इद्यापीठात शिकून लिहिलं. म्हणजे खरंच असन."

तिनं तांदळातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आन एक सांगू? तुही बस गेली त्या दिशी मी तुह्या मायच्या खांद्यावर हात ठेवला, तं तू समजली मी तिले धीर देऊन राहिली. मी पडू नये म्हणून धरला होता वं. बी.एड.ची यादी मी वर्षभर उशीखाली ठेवली. तुले एकटीलेच जळता येते का?"

मी माफी मागितली. ती लगेच विरघळली नाही, आणि ते योग्यच होतं. म्हणाली, "मले नको सांगू. पोट्ट्यायले सांग. बिघडलं ते त्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वर्गात उभी राहिले. आयुष्यात एवढी भीती मला कुठल्या परिषदेत वाटली नाही. "तुमच्या बाईंना मी एक चुकीची गोष्ट शिकवली होती," मी म्हणाले. "पुस्तकातली भाषा यायलाच पाहिजे. पण तुमच्या घरची भाषा वर्गात बोलणं चूक नाही. चूक माझी होती."

पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "तुमी आमच्या बाईच्या बाई हा का?"

"होते."

"मंग तुमी आमच्यासारखं बोलून दाखवा."

मी तोंड उघडलं. मले, म्हणायचं होतं. जीभ मला-वर गेली. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी जमलं, तेही अडखळत. मुलं हसली. कल्पीही हसली, भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून.

नागपूरला परतल्यावर मी विभागप्रमुखांना लेखी सगळं कळवलं. निकाल लागून गेला होता, छत्तीसचे पंचेचाळीस होणार नव्हते. वर्षभर मला परीक्षेच्या कामातून दूर ठेवलं गेलं. कल्पीची बोली हळूहळू परत आली, पण सगळी नाही. अजूनही एखाद्या वाक्याच्या मध्यावर ती क्षणभर थबकते. मी ते ओळखते. तिला ते कळू देत नाही.

आईला मी कितीदा म्हटलं, माझ्याकडं चल. एकदा आलीही, पंधरा दिवस. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरायचा. परत जाताना म्हणाली, "तुहं घर चांगलं हाय." तुहं म्हणाली, आपलं नाही. मला लागलं, पण ते खरंच होतं.

परवा फोन केला तर कल्पीनं उचलला. "मावशी आताच झोपली वं. उठवू का?" नको म्हणाले. मागं भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी दाराशी हाक मारत होतं, आणि ती फोन कानाशी ठेवूनच "आली, आली" म्हणत होती. माझ्या माहेरच्या दाराशी आलेल्या माणसाला ओ देत होती. मला हेवा वाटला. अजून वाटतो. बहुधा जन्मभर वाटेल.

पूर्वी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईचं कितीही चांगलं झालं तरी मला हेवा वाटत नाही. इतक्या वर्षांत नागपुरातल्या एकाही दाराचा तो वाटलेला नाही. वाटतो तो भिवापूरच्या त्या एकाच दाराचा. म्हणजे घर अजून तिथंच आहे. फक्त त्या दाराशी ओ देते ती दुसरी.