मागच्या चाकाला निरोप

घोलवडच्या मागे पाड्यावर राहणारा शुक्रा हाडळ तलासरीत हायवेला लागून वेल्डिंगचं दुकान चालवतो. खिडक्यांचे गज, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, विवळवेढ्याच्या जत्रेआधी आकाशपाळण्यांची डागडुजी, असलं काम. वय बावन्न, शाळा सातवीपर्यंत.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या दुकानासमोर दोन सीटांची एक बुटकी स्पोर्ट्स कार थांबली. सायलेन्सर लोंबत होता. काम दहा मिनिटांचं, पण शुक्रा पाऊण तास गाडीखालून बाहेरच आला नाही. संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "सुके, अशी गाडी मी करणार."

सुकी घोलवडला अमृतभाईंच्या वाडीत चिकू निवडून खोक्यांत भरते. ती म्हणाली, "कर. पण दुसरी सीट माझी."

चौकोनी पाइपांचा सांगाडा, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन, पत्र्याचं अंग. पत्र्याला गोलाई आणायलाच एक अख्खा उन्हाळा गेला. गाडी उभी राहिली तेव्हा पाड्यावरच्या बायका तिच्याभोवती फेरी मारून गेल्या.

बाहेरच्या रस्त्यावर ती न्यायची परवानगी नव्हती. अमृतभाईंनी आपल्या वाडीतला रस्ता मोकळा करून दिला. त्या रस्त्याखालून पाण्याचे पाइप गेलेले, त्यामुळे जागोजागी उंचवटे. पहिल्याच उंचवट्यावर गाडीचं नाक वर उडालं, मग शेपूट उडालं आणि पोट जमिनीला घासलं. शुक्राने स्प्रिंगा कडक केल्या. आता पोट घासेना, पण सुकीचे दात वाजू लागले.

"ही गाडी आहे की चाळण?" ती म्हणाली.

शुक्राने बांबूच्या कामट्या, सायकलचे स्पोक आणि पेनातल्या स्प्रिंगा घेऊन हातभर लांबीचा नमुना बांधला. नमुना ओसरीवर ठेवून तो दिवसचे दिवस दाबत बसे. एका रविवारी सुकी नाचणी पाखडता पाखडता थांबली. तिने नमुन्याचं पुढचं चाक बोटाने उचललं.

"हे वर गेलं, ते मागच्याला कळतं का?"

"त्याला कसं कळणार? त्याची स्प्रिंग वेगळी."

"मग त्याला निरोप दे ना. पुढे खड्डा आहे, उंचवटा आहे, हे पुढच्यालाच आधी माहीत."

शुक्रा उठला. त्याने कॅलेंडर उतरवलं आणि तो पाठकोऱ्या पानांवर रेघा मारायला लागला. संध्याकाळपर्यंत चार महिन्यांची पानं भरली.

युक्ती अशी ठरली: गाडीच्या प्रत्येक बाजूला तळाच्या पत्र्याखाली एकच मोठी स्प्रिंग आडवी ठेवायची. पुढच्या आणि मागच्या चाकाचे दांडे सळयांनी तिला दोन टोकांकडून जोडायचे. पुढचं चाक वर चढलं की सळई स्प्रिंगला ओढणार आणि तीच ओढ मागच्या चाकाला खाली रेटणार. मग एकटं नाक उडायचं नाही, सगळी गाडी मिळून थोडीशी उचलली जाईल.

दोन महिन्यांनी गाडी पुन्हा वाडीत आली. पहिला उंचवटा आला आणि गेला. दुसरा गेला. सुकी ओरडली, "होडीत बसल्यासारखं वाटतंय!" समोरून अमृतभाई येताना दिसले म्हणून शुक्राने ब्रेक दाबला. तसं गाडीचं शेपूट उचललं गेलं आणि नाक थेट मातीत टेकलं.

"अरे शुक्राभाई, पाया कशाला पडते ही?" अमृतभाई म्हणाले. सुकीला हसू आवरेना.

शुक्राही हसला, पण तिथेच आडवा होऊन त्याने गाडीखाली डोकं घातलं. ब्रेक लागला की भार पुढे येतो, पुढचं दबतं, मागचं वर जातं. मधली स्प्रिंग नुसतीच पुढेमागे सरकते, अडवत कोणीच नाही. दोन्ही चाकं फारच एकमेकांच्या म्हणण्यात गेली होती. प्रत्येकाला थोडं स्वतःचंही बळ हवं होतं.

मग त्याने मागच्या दोन्ही चाकांपाशी एकेक छोटी वेगळी स्प्रिंग बसवली. जाड बसवली की धक्के परत येत, बारीक बसवली की गाडी पुन्हा पाया पडे. मोटारसायकलींच्या, गिरणीच्या, कुठल्या कुठल्या स्प्रिंगा त्याने लावून पाहिल्या. अकराव्या जोडीला जमलं. त्या दिवशी सुकीला शेजारी बसवून त्याने भर वेगात ब्रेक दाबला. नाक चार बोटं खाली गेलं आणि तिथेच थांबलं. शुक्राने तेच आणखी सात वेळा करून पाहिलं. निवडायला बसलेल्या बायका चिकू टाकून उभ्या राहिल्या आणि आठव्या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रा गाडीतून उतरला. त्याचे डोळे भरून आले होते. "कागदावर होतं तसंच झालं," तो एवढंच म्हणाला.

सुकी मात्र उतरली नाही. सरकून ती त्याच्या सीटवर बसली आणि तिने स्टिअरिंग धरलं.

"क्लच कुठला ते सांग."

"डावा. हळू सोड. सुके, हळू!"

गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा सुटली ती थेट चिकूच्या रांगांमधून, उंचवट्यांवरून अंग न हलवता. मागे शुक्रा हात उंचावून धावत होता, आणि सुकी मागे न बघता हॉर्न वाजवत चालली होती.