काढ्याची अट

कार्बोलिक साबणाचा वास आला की मला महाडचा तो दवाखाना आठवतो. तापात बरळणाऱ्या बायकोला पोलादपूरहून बैलगाडीने आणलं होतं. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि ती मलाही ओळखत नव्हती. घड्याळाची सोन्याची साखळी मिरवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “घरी काही पाजलंत?” सासूबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, “सांगू नका हो, सांगितलंत तर गुण राहायचा नाय.” ताप उतरायला गावच्या भगताने काढा दिला होता, आणि देताना तशी अटच घातली होती. मी “नाही” म्हणालो. गुणाची मला पर्वा नव्हती. चार इंग्रजी पुस्तकं वाचलेल्या माणसाने भगताचा काढा पाजला, हे सांगायची लाज वाटत होती. डॉक्टरांनी सुई भरली. ती तिच्या दंडाला टेकणार तोच मी त्यांचं मनगट धरलं. “थांबा! काढ्यात धोतऱ्याच्या बिया होत्या.” मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी सुई खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “किती? कधी?” मी सगळं सांगितलं. “धोतऱ्यावर ही सुई त्यांना झेपली नसती,” एवढंच ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघून “अहो” म्हटलं. आता कुठलाही डॉक्टर काही विचारायच्या आत मी सकाळच्या चहापासून सुरुवात करतो. तो घड्याळाकडे बघतो, मी थांबत नाही.